एकराचा हिशेब

पनवेल स्थानकाच्या पूर्वेला नवीन पनवेलचे सेक्टर संपले की रस्ता सुकापूर, नेरे ओलांडून माथेरानच्या पायथ्याकडे जातो. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पूर्वी भातखाचरे होती. आज तिथे इमारती आहेत, प्लॉटविक्रीच्या पाट्या आहेत आणि त्यांच्यामध्ये तग धरून राहिलेले थोडे भात आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, २०१३ साली नवी मुंबई विमानतळाभोवतीचा मोठा टापू ‘नैना’ म्हणून अधिसूचित झाला, २०१६ साली पनवेलची महापालिका झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. अशा ठिकाणी दोन-तीन एकरांवर कुटुंबाचा शेतीधंदा उभा करण्याची भाषा कोणी केली, तर तो एक तर भाबडा ठरतो किंवा हौशी फार्महाऊसवाला. माझे म्हणणे नेमके उलट आहे. छोट्या कुटुंबशेतीचा धंदा यशस्वी होतो तो पीक निघाल्यानंतरची किती कामे घराच्या हातात राहतात आणि पेरणीआधी किती गिऱ्हाइके ठरलेली असतात, या दोन गोष्टींवर. जमिनीचा आकार त्यानंतर येतो. हे मान्य केले, तर महाराष्ट्रात अशा धंद्याला पनवेलइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

जमिनीच्या आकाराचा वाद आपल्याकडे जुना आहे. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. १७७१ साली त्या गावात सरासरी धारणा ४० एकरांची होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान शेतधारणांवर निबंध लिहिला आणि या चर्चेचा रोखच बदलला. एखादी धारणा परवडणारी की न परवडणारी, हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. तिच्यावर किती माणसांचे श्रम आणि किती भांडवल लागते, या प्रमाणावरून ते ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. भारताचे दुखणे जमीन लहान असण्यापेक्षा तिच्यावर भार टाकणारे हात जास्त आणि भांडवल कमी असण्यात आहे आणि त्यावरचा इलाज औद्योगिकीकरण हा आहे, असे त्यांनी मांडले. १९६२ साली अमर्त्य सेन यांनी शेतीव्यवस्थापनाच्या पाहण्यांच्या आधारे दाखवून दिले की, लहान शेतांचे एकरी उत्पन्न बहुधा मोठ्या शेतांपेक्षा जास्त असते, कारण घरचे माणूस स्वतःच्या बांधावर श्रम मोजत बसत नाही. ही दोन्ही निरीक्षणे एकत्र ठेवली की खरी अडचण दिसते. लहान शेत एकरामागे चांगले पिकते, पण माणसामागे फारसे देत नाही. मग उपाय एकरी उत्पादन आणखी ताणण्यात आहे, की त्या माणसांच्या श्रमांना जास्त मोल मिळवून देण्यात?

आकडे दुसऱ्या पर्यायाकडे बोट दाखवतात. महाराष्ट्रातील सरासरी धारणा १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर उरली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७व्या फेरीनुसार २०१८-१९ मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यातले मजुरी-पगाराचे ४,०६३, पिकांचे ३,७९८ आणि जनावरांचे १,५८२ रुपये. म्हणजे शेतकरी म्हणून ज्यांची नोंद होते, त्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो. यावर हळहळण्यापेक्षा त्यातला धडा घ्यावा. छोटे शेतकरी कुटुंब आजही एका उत्पन्नावर जगत नाही. आपले श्रम कुठे विकायचे याची निवड ते रोजच करत असते. तळोज्याच्या कारखान्यात, पनवेलच्या दुकानात किंवा बांधकामावर मिळणाऱ्या रोजाशी शेतीला स्पर्धा करायची आहे. ती स्पर्धा निव्वळ भात पिकवून जिंकता येत नाही.

एका एकराचा हिशेब मांडून पाहू. चांगल्या खाचरात एकरी १५ क्विंटल भात आले असे धरू. २०२५-२६ च्या हंगामाचा साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे, म्हणजे हाती ३५,५३५ रुपये. खत, बियाणे आणि मेहनत वाढवून उत्पादन दहा टक्क्यांनी वाढवले, तर साडेतीन हजारांची भर पडेल आणि त्यातला बराच भाग वाढीव खर्चच खाऊन टाकेल. आता तेच १५ क्विंटल गिरणीत भरडून आणले आणि साडेनऊ क्विंटल तांदूळ निघाला असे धरू. तो ओळखीच्या घरांना किलोला ५५ रुपयांनी दिला, तर ५२,२५० रुपये होतात. भरडाई, पोती आणि वाहतूक वजा केली, तरी दहा-बारा हजारांचा फरक राहतो. कोंडा जनावरांना उरतो तो वेगळा. जमीन तीच, पाऊस तोच, बियाणेही तेच. फक्त भात दारातून जाण्याऐवजी तांदूळ दारातून गेला. उत्पादन वाढवण्याचा सल्ला देणाऱ्या यंत्रणा आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण हा साधा हिशेब शेतकऱ्याच्या ओटीवर बसून मांडणारे थोडे.

रायगड जिल्ह्यात या विचाराचे पुरावे शोधायला लांब जावे लागत नाही. अलिबाग तालुक्यातला पांढरा कांदा घ्या. कार्ले, खंडाळे, नेहुली या परिसरात भात कापल्यावर तो लावतात. क्षेत्र लहान, शेतकरीही लहान. पण हा कांदा पोत्यात भरून बाजार समितीत ओतला जात नाही. वाळलेल्या पातीसकट त्याच्या माळा विणल्या जातात आणि त्या माळेच्या भावाने विकल्या जातात, बऱ्याचशा रस्त्याकडेच्या मांडवातूनच. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाच्या फार आधीपासून त्या माळेनेच साध्या कांद्यापेक्षा वरचा भाव मिळवून दिला होता. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार ग्राहक कांद्यासाठी मोजतो त्या रुपयातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात आणि टोमॅटोच्या बाबतीत ३३. बाकीचे पैसे चोरीला जातात असे समजण्याचे कारण नाही. वाहतूक, निवड, साठवण, नासाडी आणि विक्री या खऱ्या कामांची ती किंमत असते. अलिबागच्या कुटुंबांनी त्यातली निवडीची, बांधणीची आणि विक्रीची कामे स्वतःकडे ठेवली, म्हणून त्या कामांचे पैसेही त्यांच्याकडे राहिले. दलालाला शिव्या देण्यापेक्षा त्याचे काम अंगावर घेणे जास्त किफायतशीर असते, हे त्यांनी करून दाखवले आहे.

वालाचीही कथा हीच आहे. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कोकणात वाल होतो. त्याला वेगळे पाणी लागत नाही. सुका वाल व्यापाऱ्याला विकला, तर तो कडधान्याच्या भावाने जातो. तोच भिजवून, मोड आणून, सोलून डाळिंब्या म्हणून पनवेलच्या बाजारात आणला, तर त्याच मालाचा भाव पार बदलतो. बिरडे सगळ्यांनाच हवे असते, पण सोलायला वेळ कोणाकडे नसतो. नवीन पनवेलमधले नोकरदार जोडपे त्या डाळिंब्यांसाठी पैसे मोजते, म्हणजे खरे तर सोलणाऱ्या बोटांचे मोल मोजते. थंडीत पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांसाठी, रायगडात शेतावर येणारी शहरातली मंडळीही वालाच्या शेंगांपेक्षा भांबुर्ड्याचा पाला, मडके, जाळ आणि मोकळी जागा यांचे पैसे देतात. पीक तेच असते. त्याभोवती घराने घातलेली कामे वाढतात, तसे उत्पन्न वाढते.

अशा धंद्याचे सर्वांत जाणतेपणाने उभे केलेले जवळचे उदाहरण म्हणजे कर्जत तालुक्यात नेरळजवळची सगुणा बाग. चंद्रशेखर भडसावळे यांनी अमेरिकेतल्या शिक्षणानंतर परत येऊन तिथे शेती, मत्स्यपालन आणि पाहुण्यांची सोय यांची सांगड घातली; कृषी पर्यटन हा शब्द सरकारी कागदांत रुळण्याच्या कितीतरी आधी. राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले ते २०२० साली. पण पर्यटनापेक्षाही मला तिथून पुढे आलेले सगुणा भात तंत्र जास्त महत्त्वाचे वाटते. या पद्धतीत एकदा केलेले गादीवाफे कायम ठेवतात, नांगरणी-चिखलणी करत नाहीत, रोपे लावण्याऐवजी साच्याने खुणा करून बी थेट टोकतात आणि भातानंतर त्याच वाफ्यांवर कडधान्य किंवा भाजी घेतात. चिखलणी आणि लावणी ही कोकणातल्या भातशेतीतली सर्वांत जास्त मनुष्यबळ खाणारी कामे, तीही नेमकी ज्या दिवसांत मजूर मिळत नाहीत त्या दिवसांत. ती गळली की घरातल्या माणसांचा वेळ मोकळा होतो आणि तो विक्रीकडे, प्रक्रियेकडे वळवता येतो. तणनाशकावरचे अवलंबन हा या पद्धतीवरचा रास्त आक्षेप आहे आणि तो नजरेआड करू नये. सगुणा बागेइतकी जागा आणि भांडवल दोन एकरवाल्याकडे नसते, हेही खरे. तरी त्यातून घेण्याजोगे तत्त्व आकाराशी बांधलेले नाही: जिथे श्रमाला मोल कमी तिथले श्रम वाचवावेत आणि जिथे जास्त तिथे लावावेत.

धंद्याची दुसरी बाजू गिऱ्हाइकाची. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ नावाची चळवळ रुजली. रासायनिक अंश नसलेले अन्न हवे असणाऱ्या शहरी कुटुंबांनी शेतकऱ्यांशी थेट करार केले, हंगामाचा माल आधीच बोलून ठेवला आणि चांगल्या-वाईट पिकाची जोखीम वाटून घेतली. त्या व्यवहाराचा पाया होता जवळीक. शेत आणि स्वयंपाकघर यांच्यात एवढेच अंतर हवे की, गिऱ्हाइकाला महिन्यातून एकदा बांधावर येता यावे. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली आणि कामोठे इथल्या गृहसंकुलांपासून तालुक्यातली शेते नेमकी एवढ्याच अंतरावर आहेत. दोनशे सदनिकांच्या संकुलातली तीस कुटुंबे जरी वर्षाचा तांदूळ, वाल आणि पावसाळी भाजी एका घराकडून घ्यायला तयार झाली, तरी दोन-तीन एकरांचा माल कमी पडेल. कायद्याचीही आडकाठी नाही. २०१६ पासून महाराष्ट्रात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे आणि त्याच वर्षी शेतकरी आठवडे बाजारांचे अभियानही सुरू झाले. तरी वाशीच्या घाऊक बाजाराकडे पाठवणे सोपे वाटते, कारण तिथे माणसांशी बोलावे लागत नाही. थेट विक्रीत बोलावे लागते, वेळ पाळावी लागते, निकृष्ट निघालेला माल परत घ्यावा लागतो. हे कष्ट शेतीचेच आहेत, असे जो घरधनी मानतो, त्याचाच धंदा होतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत जड आक्षेप जमिनीच्या भावाचा. ज्या गुंठ्याचा भाव वर्षभराच्या पिकाच्या कित्येक पट आहे, तिथे तांदूळ विकून दहा-बारा हजार वाढवण्याचा हिशेब मांडणे हास्यास्पद नाही का? जमीन विकून पैसा बँकेत ठेवला, तर व्याजच त्याहून जास्त येईल. वरवर हे बिनतोड वाटते, पण यात दोन वेगळे निर्णय एकत्र केलेले आहेत. जमीन विकायची की ठेवायची, हा मालमत्तेचा प्रश्न. ठेवली आहे तोवर तिच्यावर काय करायचे, हा धंद्याचा. पनवेल तालुक्यातली कितीतरी जमीन आज विकलेलीही नाही आणि पिकतही नाही. चांगल्या भावाची, आरक्षणाच्या निकालाची किंवा नगररचना योजनेतल्या भूखंडाची वाट पाहत ती ओसाड पडली आहे. म्हणून शेतीधंद्याची खरी स्पर्धा विक्रीशी नसून या पडीकपणाशी आहे आणि पडीक जमीन काहीच देत नाही. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथला शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी लढला, पाच जण हुतात्मे झाले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. त्या लढ्यातून जमिनीवरचा हक्क मिळाला. पण भूखंड एकदाच मिळतो, रोजचे काम देत नाही. अशा अनिश्चित टापूत मात्र एक पथ्य पाळावे लागेल. काँक्रीटच्या खोल्या आणि महागडी शेडनेट यांत पैसा पुरून ठेवू नये. छोटी भातगिरणी, वजनकाटा, वाळवणाची साधने, माल पोहोचवणारा टेम्पो, गिऱ्हाइकांची यादी आणि मालाचे नाव यांत तो घालावा. उद्या खाचरावरून रस्ता गेला, तरी या गोष्टी घरासोबत दुसऱ्या गावात नेता येतात.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला जास्त अस्वस्थ करणारा वाटतो. कुटुंबशेतीचा नफा म्हणजे बहुतेकदा घरातल्या बायकांच्या न मोजलेल्या श्रमाचा नफा. डाळिंब्या सोलते सासू, माळा विणते सून, बाजारात टोपली घेऊन बसते मुलगी. सातबारा आणि बँकेचे पासबुक मात्र पुरुषाच्या नावाचे. हा आक्षेप खोडून काढता येत नाही. तो मान्य करूनच पुढे जावे लागते. शेतमालाच्या खर्चाचे सरकारी गणितसुद्धा प्रत्यक्ष खर्चात घरच्या श्रमाचे मोल मिळवते आणि हमीभाव त्या बेरजेच्या दीडपट धरते. जे सरकार कागदावर मोजते, ते घराने वहीत का मोजू नये? प्रत्येकाचे तास लिहावेत, हंगामाच्या शेवटी रोज ठरवून पैसे ज्याच्या-त्याच्या खात्यात जमा करावेत. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडच्या महिला अधिवेशनातून स्त्रियांचा प्रश्न शेतकरी चळवळीच्या केंद्रात आणला आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून जमीन बायकोच्या नावे करण्याची मोहीम चालवली. ती केवळ उपकाराची गोष्ट नव्हती. ज्या धंद्यात निम्म्याहून अधिक काम स्त्री करते, तिथे तिच्या नावावर काही नसणे ही धंद्यातलीही खोट आहे: तिला कर्ज मिळत नाही, परवाना तिच्या नावे निघत नाही आणि विक्रीतले तिचे शहाणपण निर्णयापर्यंत पोहोचत नाही. हिशेब लिहिल्यावर कुटुंबाचा नफा कमी दिसला, तर तो आधीही कमीच होता. फक्त कोणाच्या तरी कष्टात दडलेला होता.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. एका घराने डाळिंब्या विकल्या तर भाव मिळेल. शंभर घरांनी विकल्या तर भाव कोसळेल. शिवाय दोन एकरवाल्याला परवाना, पिशव्यांवरची छपाई, वाहतूक हे सगळे एकट्याने झेपणार नाही. म्हणून उत्पादक कंपनीच हवी आणि नाशिकजवळ मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने ते सिद्ध केले आहे, असे म्हटले जाते. सह्याद्रीचे यश निर्विवाद आहे. पण ते द्राक्षासारख्या निर्यातीच्या, एकाच जातीच्या ढिगाच्या मालाचे आहे. कोकणातल्या खाचरातून निघतो तो थोडा-थोडा, नाना प्रकारचा माल. त्याचे बळ विविधतेत आणि जवळच्या गिऱ्हाइकात आहे. इथे मोठ्या कंपनीपेक्षा चार-पाच घरांनी मिळून घेतलेली एक भातगिरणी, एक टेम्पो आणि आठवड्याचा एक सामाईक विक्रीचा दिवस जास्त उपयोगी पडेल. पनवेल तालुक्यातच तारा येथे युसुफ मेहेरअली सेंटर तेलघाणी, साबण, मातीकाम असे ग्रामोद्योग चालवत आले आहे. गावपातळीवर प्रक्रिया होऊ शकते, याचा दाखला घरापाशीच आहे. भाव कोसळण्याची भीती मात्र तोवर बिनबुडाची आहे, जोवर लाखोंच्या वस्तीच्या या शहरात स्थानिक तांदूळ मागूनही मिळत नाही.

सरकारकडून यासाठी फार मोठी मागणी करायची नाही, पण दोन गोष्टी त्याच्याच हातात आहेत. पहिली, जमीन कसायला देण्याची सुरक्षितता. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला मालक केले. ती सामाजिक न्यायाची मोठी पायरी होती. पण त्या आठवणीमुळे आजचा जमीनमालक शेजारच्या होतकरू घराला तीन वर्षांसाठीही जमीन द्यायला धजत नाही, उलट ती पडीक ठेवतो. नीती आयोगाच्या हक समितीने २०१६ मध्ये मालकी अबाधित ठेवून भाडेपट्ट्याला मान्यता देणारा नमुना कायदा सुचवला होता. त्या धर्तीवर मालक आणि कसणारा या दोघांनाही कागदाचे संरक्षण मिळाले, तर पनवेलभोवतीची ओसाड जमीन निदान वाट पाहण्याच्या काळात पिकेल. दुसरी, शहरात विक्रीची जागा. सेक्टर आखताना शाळा, उद्यान, वाहनतळ यांचे भूखंड ठेवले जातात, तसे शेतकऱ्याला आठवड्यातून दोन दिवस हक्काने बसता येईल असे ओटे प्रत्येक सेक्टरात असायला हवेत. पावसाळ्यात महामार्गाच्या कडेला भिजत काकडी, शिराळी आणि रानभाज्या विकणाऱ्या ठाकूर-कातकरी बायांना आडोसा देण्यासाठी कोणत्याही नव्या योजनेची गरज नाही. महापालिकेच्या एका ठरावाने ते होईल.

यश म्हणजे मोटार आणि बंगला अशी व्याख्या केली, तर दोन एकरांची शेती नेहमीच हरेल. पण शहरातल्या रोजाइतके मोल घरच्या प्रत्येक हाताला मिळणे, त्या मोलाची नोंद असणे आणि पुढच्या पिढीला हे काम निवडण्याजोगे वाटणे, ही व्याख्या मान्य असेल, तर रायगडातल्या छोट्या शेतीपाशी त्यासाठी लागणारे सगळे आहे: पाऊस, भात, वाल, कांद्याची माळ आणि दाराशी आलेले गिऱ्हाईक. कमी आहे ती वही. ज्या घरी दोन एकर अजून शाबूत आहेत, त्यांनी या हंगामात बियाणे आणण्याआधी ती उघडावी, घरातल्या सगळ्यांची नावे तिच्यात लिहावीत आणि तांदूळ कोणाला विकायचा हे पेरणीपूर्वी ठरवावे. आणि नवीन पनवेलमध्ये राहून हे वाचणाऱ्यांनी वर्षाच्या तांदळाची मागणी आजच एखाद्या शेतकरी घराकडे नोंदवावी; आधी गिऱ्हाईक भेटले, तरच हा धंदा उभा राहतो.